घंटा वाजत नाही म्हणून घंटेला हात लावू नका

प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांच्या वेळची एक लाकडी म्युझिक बॉक्स माळ्यावरून खाली आली. आत पितळी रूळ, त्याला खेटून पोलादी कंगवा, मागे ओळीने सहा घंटा आणि प्रत्येक घंटेपुढे मधमाशीच्या आकाराची एक चिमुकली हातोडी. पेटी वाजते, पण दोन घंटा गप्प आहेत आणि एक नुसतीच 'टक्' करते. दाखवायला नेली तेव्हा एकजण म्हणाला, या घंटा नंतर कुणीतरी बसवल्यात, काढून टाका. दुसरा म्हणाला, सगळं घासून चकचकीत करून देतो, दुप्पट भाव येईल. आता काय करायचं?

दोघांचंही ऐकू नका. आणि हे वाचून होईपर्यंत चावी देऊ नका.

मी मुळात घड्याळजी. गेली तीसेक वर्षं घड्याळांबरोबर अशा पेट्याही हाताखालून जातात. ('पेटी' म्हटलं की आपल्याकडे हार्मोनियमच डोळ्यांपुढे येते, म्हणून गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना आधी पाच मिनिटं हाच घोळ निस्तरावा लागतो.) घंटांच्या पेट्यांची तक्रार बहुतेक वेळा तुमच्यासारखीच असते, आणि दोष घंटेत क्वचितच निघतो. घंटा म्हणजे काशाची एक उपडी वाटी. तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. बिघडतं ते तिच्यापर्यंत पोचणारं सगळं.

तर सगळ्यात आधी एक बघा. बेडप्लेटवर, म्हणजे ज्या धातूच्या पाट्यावर सगळं यंत्र बसवलेलं असतं त्यावर, चालू-बंदच्या आणि गाणं बदलायच्या कळीखेरीज आणखी एखादी छोटी कळ आहे का? कडेच्या फळीवर असेल, किंवा घंटांच्या शेजारी खुंटीसारखी असेल. ती घंटा जोडायची-सोडायची कळ. अर्धवट सरकलेली असली तर काही हातोड्या घंटेपर्यंत पोचतात, काही पोचत नाहीत. नागपूरहून एक गृहस्थ रेल्वेने पेटी मांडीवर घेऊन आले होते. मी बोटाने कळ पुढे ढकलली आणि सहाही घंटा बोलायला लागल्या. चहा पाजून परत पाठवलं, पैसे घ्यायला लाज वाटली.

काही पेट्यांत या कळींवर किंवा झाकणाच्या आतल्या गाण्यांच्या कागदावर फ्रेंच शब्द असतात: 'तँब्र' म्हणजे घंटा, 'तांबूर' म्हणजे ढोल, 'कास्तान्येत' म्हणजे लाकडी टकटक. तांबूर वाचून तंबोऱ्याशी गल्लत करू नका. फ्रेंच शब्द यायचं कारण असं की या पेट्या जवळजवळ सगळ्या स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातल्या: जिनिव्हा शहर आणि जुरा डोंगरातलं सेंत-क्रॉय हे गाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख.

इथे थोडी गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. म्युझिक बॉक्स निघण्याआधी यंत्राने सूर वाजवायचा तर बहुतेक वेळा घंटाच लागायच्या. हॉलंड-बेल्जियमच्या मनोऱ्यांतून मोठमोठ्या घंटांचे संच होते, त्यांना कॅरिलॉन म्हणतात. खिळे ठोकलेलं एक अवजड पिंप फिरायचं आणि त्याचे खिळे तारा ओढून घंटांवर घण पाडायचे. मुंबईच्या राजाबाई टॉवरमधल्या घंटा याच कुळातल्या. हेच यंत्र लहान होत घड्याळांत आलं, पण खिशातल्या घड्याळात घंटा किती मावणार? १७९६ मध्ये जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने तिथल्या कलासंस्थेपुढे आपली युक्ती मांडली. तिची नोंद झाली ती 'घंटा आणि हातोडीविना कॅरिलॉन' अशा अर्थाच्या शब्दांत. घंटेऐवजी पोलादाची पातळ पट्टी, आणि ती खिळ्याने उचलून सोडायची. आपली म्युझिक बॉक्स तिथून निघाली. म्हणजे घंटा काढून टाकल्या म्हणून जन्मलेली ही वस्तू, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्याच जिनिव्हात त्याच पेटीत घंटा परत बसवायला लागले!

आधी त्या लपवून बसवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या काही पेट्यांत ढोल आणि घंटा बेडप्लेटच्या खाली असतात. वरून काहीच दिसत नाही, नुसती किणकिण येते. मग लोकांना बघायलाही हवं झालं. १८७० नंतरच्या दोन-अडीच दशकांत घंटा उघड्यावर आल्या, ओळीने मांडल्या गेल्या आणि हातोड्यांना माश्यांचे, फुलपाखरांचे, पक्ष्यांचे आकार आले. सगळ्यात मिजासखोर पेट्यांत घंटांमागे चिनी मंदारिनांच्या, म्हणजे दरबारी अधिकाऱ्यांच्या, बाहुल्या बसवलेल्या असतात. त्या मान डोलावतात आणि हातातल्या काठीने घंटा बडवतात. तुमच्या मधमाश्या याच काळातल्या. एक खूण पडताळून बघा: स्प्रिंग भरायला सुटी चावी आहे की डाव्या बाजूला पुढे-मागे करायचा दांडा? दांडा असेल तर साधारण १८६० नंतरची पेटी, आणि दिसणाऱ्या घंटांशी ते जुळतं.

माझं मत विचाराल तर संगीत म्हणून १८३० ते ५० च्या दरम्यानच्या बिनघंटेच्या पेट्या यांच्यापेक्षा फार वरच्या. कारण सरळ आहे. कंगव्याला सत्तर-ऐंशी किंवा त्याहून जास्त दाते असतात, आणि तुमच्या घंटा सहा. त्या सहा सुरांवर आठ-दहा वेगवेगळी गाणी बसवायची. सहा वाट्यांच्या जलतरंगावर दहा राग वाजवायला सांगितल्यासारखं ते. चांगल्या कारागिराने गाण्यांच्या पट्ट्या अशा निवडलेल्या असतात की घंटेचा सूर चालीत नेमका सम गाठल्यासारखा येऊन बसतो. स्वस्त पेट्यांत मात्र सूर जुळो न जुळो, घंटा वाजतेच, आणि इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेरातली करुण चालसुद्धा आइसक्रीमची गाडी आल्यासारखी वाटते. पण हे माझं मत झालं. घरातली पोरं कंगव्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, माश्यांकडे बघत बसतात, आणि पेटी घेणाऱ्या बापाला हे तेव्हाही कळत होतं.

आता यंत्र. समोर बसून बघा. रुळाच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या पोलादी पिना आहेत, एका रुळावर हजारोंनी. सेंत-क्रॉयकडे बाया घरी बसून त्या एकेक करून बसवायच्या. रूळ आतून पोकळ असतो आणि पिना हलू नयेत म्हणून आत राळेचा लगदा ओतलेला असतो. (म्हणूनच ही पेटी मे महिन्यात बंद गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नका. राळ मऊ होते, एका अंगाला बसते, आणि पिना सैल पडतात.) एक फेरा म्हणजे एक गाणं. फेरा संपला की रूळ केसभर बाजूला सरकतो आणि दात्यांखाली दुसऱ्या गाण्याच्या पिना येतात.

कंगवा नीट पाहिला तर सगळे दाते सारखे नाहीत हे लक्षात येईल. एका टोकाला किंवा मधेच, थोडी फट सोडून, सहा दात्यांचा एक सुटा तुकडा दिसेल. ते गाणारे दाते नव्हेत. पिन त्यांना उचलते आणि सोडते. दात्याला जोडलेली तार किंवा तरफ हलते, आणि दुसऱ्या टोकाची हातोडी घंटेवर आपटते. ढोल असला तर त्याच्यासाठी एकाहून जास्त दाते असतात, कारण एका हातोडीने ताशाची कडकड निघत नाही.

आता मोक्याची गोष्ट. थांबलेली हातोडी घंटेला टेकलेली नसते. नखाच्या जाडीएवढी फट असते. दाता सुटला की हातोडी आपल्या झोकाने ती फट पार करते, टोला देते आणि लगेच मागे येते. फट राहिली नाही तर हातोडी टोला देऊन तिथेच टेकून बसते आणि घंटेचा नाद दाबून टाकते. तुमच्या तिसऱ्या घंटेची 'टक्' तीच. देवळातली घंटा वाजवून लगेच हाताने धरून बघा, तोच आवाज. आणि फट जास्त झाली की हातोडी पोचतच नाही. तुमच्या गप्प असलेल्या दोन्ही घंटांना मी आधी हेच विचारेन. कधीकाळी कुणीतरी फडक्याने पुसताना माशीला धक्का दिलेला असतो, तार किंचित वाकलेली असते. दुरुस्ती तेवढीच: तार पुन्हा वाकवायची, चिमट्याने, एका वेळी कणभर. पण ती घरी करू नका. माशीचा डोकं-पंखांचा तुकडा नाजूक डाक देऊन चिकटवलेला असतो आणि जोर तारेऐवजी त्याच्यावर आला की माशी हातात येते.

दुसरं कारण वंगण. कुणीतरी 'जरा तेल सोडलं' असतं. शिवणयंत्राचं असेल, नाहीतर खोबरेलही. पन्नास वर्षांत त्याचा डिंक होतो आणि तरफा त्यात रुतून बसतात. कंगव्याला, पिनांना आणि घंटांच्या तरफांना तेलाचा थेंबही लागत नाही. तेल लागतं ते चाकांच्या आसांना, आणि तेही घड्याळाचं, सुईच्या टोकावर मावेल एवढं.

तिसरं, घंटेचा मधला स्क्रू सैल झालेला असतो, किंवा घंटा फिरून शेजारणीला टेकलेली असते. बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारा. काशाची वाटी घुमल्यासारखा लांब नाद आला तर घंटा ठणठणीत आहे. नाद लगेच मेला तर टेकलेलं काय आहे ते शोधा. खरोखरच तडा असेल तर तो कळतो, फुटक्या भांड्यासारखा आवाज येतो. आणि तडा गेलेली घंटा डाक देऊन जोडता येत नाही. दिसायला जुडते, नाद परत येत नाही.

चावी देऊ नका असं वर म्हटलं, त्याचं कारण आता सांगतो.

रूळ ज्या स्प्रिंगच्या जोराने फिरतो ती तगडी असते. तिला आवरतो तो एका कोपऱ्यातला छोटासा गव्हर्नर: एक उभा, पेचाचा आस आणि त्यावर दोन पात्यांचा पंखा. पंखा हवा कापतो म्हणून रूळ संथ फिरतो. तो पंखा, त्याचा पेच किंवा त्याची पट्टी भरलेल्या स्प्रिंगवर सुटली तर मध्ये आवरणारं काहीच उरत नाही. मिनिटभराचं गाणं दोन सेकंदांत संपतं. धंद्यात याला 'रन' म्हणतात.

मी शिकाऊ होतो तेव्हा हे माझ्या हातून झालं. पंखा मळलेला दिसला, म्हटलं पट्टीचे दोन स्क्रू काढून साफ करावा. स्प्रिंग उतरलीय असं मी धरून चाललो होतो. दुसरा स्क्रू निघाला मात्र, आणि पत्र्यावर खिळ्यांचा डबा उपडा व्हावा तसा आवाज झाला. त्याच्यावर सगळ्या घंटा एकदम, शाळा सुटल्यासारख्या. मग शांत. कंगव्याचे अकरा दाते खाली पडले होते आणि रुळावर एक पट्टा असा दिसत होता की पिना गवतासारख्या आडव्या. पेटी उस्तादांच्या स्वतःच्या संग्रहातली होती. ते काही बोलले नाहीत. दाते वेचून एका काडेपेटीत भरले आणि ती काडेपेटी मला दिली. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी दाखवतो.

तेव्हा गव्हर्नरला, त्याच्या पंख्याला, त्याच्या स्क्रूला हात लावायचा नाही. स्प्रिंग उतरवायची तर पेटी वाजू द्यायची, थकून आपोआप थांबेपर्यंत. गाण्याच्या मध्येच अडकली तर रूळ हाताने ढकलायचा नाही आणि पेटी गाडीत घालून हलवायचीही नाही, कारण त्या क्षणी कितीतरी पिना दात्यांच्या टोकांखाली अडकलेल्या असतात. शक्यतो कारागिराला घरी बोलवा. गाणी बदलायची कळही गाणं संपल्यावरच.

दात्यांबद्दल थोडं, कारण पेटीचा जीव तिथे आहे. कंगव्याच्या खालच्या बाजूला, खर्जाच्या दात्यांना शिशाची वजनं चिकटवलेली असतात. त्यानेच दाता जड होऊन सूर खाली येतो. बहुतेक दात्यांखाली केसासारखी पोलादी तार असते. पिन दात्याला टेकण्याआधी ही तार त्याची थरथर थांबवते. ती तुटली किंवा वाकली की सुरांच्या मध्ये 'चिर्रर्र' ऐकू येतं. ते ऐकू येत असेल तर पेटी वाजवणं बंद करा, कारण घंटांच्या दुरुस्तीपेक्षा हे काम मोठं आणि आधीचं आहे. शिशावर पांढरी भुकटी दिसली तरी तेच. शिसं फुगतं, शेजारच्या दात्याला घासतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, बंद लाकडी पेटीत हे फार लवकर होतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवणं सगळ्यात वाईट, दमट हवा आत कोंडून राहते. सुती कापड घाला, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या महिन्याला बदला.

आता घासणं. घंटांचा धातू म्हणजे कासं, ढोबळमानाने चार भाग तांबं आणि एक भाग कथील. घरातली तळपायाला तूप चोळायची वाटी आणि वारकऱ्यांचे टाळ याच जातीचे. कारखान्यात या घंटा आतून किंचित कातून सुरात आणलेल्या असतात, म्हणजे तिथे कागदाच्या जाडीएवढा फरकही सुराचा फरक आहे. चिंच-मीठ, भांड्यांची पावडर, ब्रासो, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मोटरवरचं बफिंग: यातलं काहीही नको. काही घंटांवर निकेलचा मुलामा असतो, तो एकदा गेला की गेला. पावडरचा चिखल तरफांत शिरतो ते वेगळंच. मऊ कोरडा ब्रश, बस. काळवंडलेली घंटा काळवंडलेली राहू द्या. जाणकार गिऱ्हाईक झळाळी बघून भाव वाढवत नाही, उलट मागे सरकतं.

राहिला तो आरोप, घंटा नंतर बसवल्या म्हणून. असं होतं, नाही असं नाही. चोर बाजारात नव्या पितळी कर्ण्याचे 'जुने' ग्रामोफोन मिळतात तसं पेट्यांचंही होतं. पण घंटांच्या बाबतीत लबाडी पकडणं सोपं आहे. त्या सहा सुट्या दात्यांच्या समोर रुळावर पिना आहेत का ते बघा. असल्या तर घंटा मूळच्या, कारण नंतर घंटा बसवणारा रुळावर सगळ्या गाण्यांच्या पिना मोजून-मापून ठोकत बसणार नाही. तुमच्या बाकीच्या तीन घंटा चालीत वाजतात, म्हणजे पिना आहेत. आणखी खात्री हवी असेल तर झाकणाच्या आतला गाण्यांचा कागद वाचा, त्यावर 'तँब्र आँ व्ह्यू', म्हणजे दिसणाऱ्या घंटा, असं छापलेलं असू शकतं. बेडप्लेटवर जास्तीची, बुजवलेली भोकं दिसली तर मात्र माझा शब्द मागे घेतो. बेडप्लेटवर किंवा कंगव्यावर ठोकलेला आकडा टिपून ठेवा. कारखाना आणि साल ओळखायला तोच लागतो. नाव नसलं तर निराश होऊ नका, चांगल्या कारखान्यांनीही कित्येक पेट्या बिननावाच्या सोडल्या आहेत.

घंटांचा उल्लेख चकतीच्या पेट्यांतही येतो, म्हणून एक वाक्य: १८८५ च्या सुमारास लाइपझिगमध्ये पाउल लोखमानने सिम्फोनियन काढली, मग तिथेच पॉलिफोन आली आणि १८९२ मध्ये अमेरिकेत रेजिना. त्यांत रुळाच्या जागी बदलता येणारी पत्र्याची चकती असते आणि काहींत घंटाही. तुमची ती नव्हे. पुढे ग्रामोफोनने दोन्हींचा धंदा बसवला. सेंत-क्रॉयचा थॉरेन्स हा कारखाना आधी म्युझिक बॉक्स बनवायचा, रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना ते नाव टर्नटेबलमुळे माहीत असेल. रूज हा कारखाना मात्र त्याच गावात आजही पेट्या बनवतो.

तुमच्या पेटीचं काम मला वाटतं ते असं: स्प्रिंग उतरवणं, कंगवा काढून तारा आणि शिसं तपासणं, जुनं तेल धुणं, गव्हर्नर बघणं, आणि सगळ्यात शेवटी तीन माश्यांच्या तारा जागेवर आणणं. या शेवटच्या कामाला तासभर लागेल, त्याआधीच्या कामांना कदाचित दोन महिने. कारागीर या क्रमाच्या उलट्या टोकाने सुरुवात करायला लागला तर पेटी उचला आणि घरी या.

काम झालं की घंटांची कळ आधी बंद ठेवा आणि सगळी गाणी एकदा नुसत्या कंगव्यावर ऐका. मग कळ पुढे करा. माझ्या घरच्या पेटीची कळ एरवी बंदच असते. नात आली की ती आल्या आल्या स्वतःच पुढे ढकलते.